टगवर लादलेल्या युद्धनौका: हिशेबात बसतात का?

त्रिज्या (धागाकर्ता):

अंतराळ आरमारांच्या विज्ञानकथांमध्ये ही जोडगोळी वारंवार भेटते. दोन ताऱ्यांमधली उडी मारायचं इंजिन एकट्या टगवर, म्हणजे बाकीच्यांना वाहून नेणाऱ्या जहाजावर. लढाऊ जहाजं, म्हणजे रायडर, टगच्या अंगाला अडकवलेली. पोचलं की सुटायचं, लढायचं, उरतील तेवढ्यांनी परत येऊन चिकटायचं. रायडरला उडीचं ओझं नाही म्हणून तोफा जास्त, चिलखत जास्त, असं सांगितलं जातं. मला ते 'जास्त' म्हणजे किती ते हवंय, कारण टगचा खर्च शेवटी त्याच आरमाराच्या खिशातून जातो.

हिशेबाला 'ट्रॅव्हलर' या १९७७ सालच्या रोल-प्लेइंग खेळाची चौकट घेऊ, बॅटल रायडर हा शब्द तिथल्याच मंडळींच्या तोंडी जास्त. उडीच्या प्रत्येक पारसेकमागे (सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं) एकूण घनफळाच्या १० टक्के इंधन. उडी साधारण आठवडाभराची. मोठ्या गोलापासून १०० व्यासांच्या आत असताना उडी धोक्याची. टन हे तिथे घनफळाचं माप आहे, वजनाचं नाही.

आकडेमोड्या:

एकूण घनफळ १०० धरा, ४ पारसेकची उडी.

आधी स्वतः उडी मारणारं, म्हणजे स्वयंपूर्ण जहाज. इंधन ४०, उडीचं इंजिन ५, ६ जी (पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सहापट त्वरण) देणारं चालन इंजिन १७, ब्रिज (नियंत्रण कक्ष) २, वीजसंच ६ आणि त्याचं इंधन ६. झाले ७६. उरले २४. जाड चिलखत १६ टक्के खातं. तोफांना हातात आले ८.

आता टग. इंधन ४०, उडीचं इंजिन ५, चालन इंजिन १ जीचंच म्हणून २, ब्रिज २, वीजसंच ४ आणि त्याचं इंधन ४. झाले ५७. रायडरना उरले ४३. रायडरच्या पोटात १७+२+६+६ म्हणजे ३१ टक्के यंत्रं आणि १६ टक्के चिलखत, तोफांना ५३ टक्के. ४३ चे ५३ टक्के म्हणजे २२.८.

८ विरुद्ध २२.८. आता गंमत बघा. दोन्हीकडे इंधन ४० च आहे. 'रायडरला उडीचं इंधन लागत नाही' हे वाक्य सगळे फेकतात, पण टगला रायडरसकट सगळ्या घनफळाचं इंधन लागतंच. इंधनात एक टक्काही वाचत नाही. वाचतं ते चिलखत आणि चालन इंजिन. स्वयंपूर्ण जहाजाला इंधनाच्या टाक्यांनासुद्धा चिलखत घालावं लागतं आणि त्या टाक्या ६ जीने पळवाव्या लागतात. रायडरमध्ये चिलखत १६ ऐवजी ६.९ आणि चालन इंजिन १७ ऐवजी ७.३ अधिक टगचं २.

उडी लहान असेल तर हा फायदा विरघळतो. तोफांचा वाटा, आधी स्वयंपूर्ण जहाज मग टगची जुळणी (लहान उडीला उडीचं इंजिन आणि टगचा वीजसंचही लहान धरून): १ पारसेकला ४१ आणि ४३.५. २ ला ३० आणि ३६.६. ३ ला १९ आणि २९.७. शेजारच्या ताऱ्याशी भांडण असेल तर टगच्या भानगडीत पडू नये. चार पारसेक लांबून स्वारी करायची असेल तर दुसरा मार्गच नाही म्हणा.

रिकामी_टाकी:

हिशेब मान्य, पण एक गोष्ट सुटली. उडी मारून पोचलेल्या स्वयंपूर्ण जहाजाची ४० टक्के जागा लढाईच्या वेळी रिकामी असते. गोळा तिथे बसला तर लढाऊ काहीच बिघडत नाही. फुकटची ढाल आहे ती. रायडर ठासून भरलेला, जिथे बसेल तिथे काहीतरी जाणार.

आकडेमोड्या:

बरोबर आहे. म्हणून पातळ चिलखताच्या आरमारांमध्ये फरक इतका दिसणार नाही. चिलखत शून्य धरलं तर ४ पारसेकला २४ विरुद्ध २९.७. पण टाकीला भोक पडलेलं जहाज लढाई जिंकूनही तिथेच अडकतं, ढाल तितकी फुकट नाही.

लंबक:

वरचं सगळं जादूच्या इंजिनावर चाललंय. साध्या रॉकेटवर बघू. अणुभट्टीने तापवलेला हायड्रोजन, उत्सर्ग वेग सेकंदाला ९ किमी. एकाच सूर्यमालेतली मोहीम: जायला ६, लढायला २, परत यायला ६, एकूण सेकंदाला १४ किमी डेल्टा-व्ही, म्हणजे वेगात करायचा एकूण बदल. स्वयंपूर्ण जहाजाचं सुरुवातीचं वस्तुमान कोरड्या वस्तुमानाच्या ४.७४ पट निघतं. लढाईच्या तोंडाशी त्याच्यात अजून ८ किमीचं इंधन शिल्लक, म्हणजे २.४३ पट. रायडरला लढाईपुरतेच २ किमी, म्हणजे १.२५ पट. परतीचं इंधन टगकडे मागे राहिलं. कोरडं वस्तुमान आणि इंजिन तेच असताना रायडरचं त्वरण जवळजवळ दुप्पट. इथे मात्र फायदा खरोखर इंधनाचाच आहे, आकडेमोड्यांच्या अगदी उलट. विश्व बदललं की कारण बदलतं, म्हणून लेखकाने आधी इंजिन ठरवावं आणि मग आरमार.

आता लोक जिथे हमखास चुकतात ते. टग रायडरना वेग देतो, पण काढायचा कोणी? वेग मारायच्या आधी सोडलं तर रायडर सेकंदाला कित्येक किमीने रणांगण पार करून निघून जाईल, आणि थांबायचं म्हटलं तर त्याचे २ किमी कुठे पुरणार? म्हणजे टगने सगळ्यांना घेऊन आधी ब्रेक मारायचा, मग सोडायचं. ब्रेकच्या वेळी टगची शेपूट शत्रूकडे आणि ज्वाला सगळ्यांना दिसणारी. अचानक हल्ला वगैरे विसरा.

दुसरं, परत गोळा करणं. रायडरकडे २ किमी आहेत म्हणून तो २ किमीचा झटका देऊ शकत नाही. निघायला एक, थांबायला एक, परत निघायला एक, टगपाशी थांबायला एक, असे चार झटके. प्रत्येकी ५०० मीटर. सहा तासांत तो टगपासून १०,८०० किमीच जाऊन पोचतो. सगळे २ किमी एकाच दिशेने उधळले तर सहा तासांनी तो ४३,२०० किमीवर असेल आणि लांबतच जाईल. त्याला पकडायला टगलाच २ किमीने धावावं लागेल, तेही परतीच्या इंधनातून.

नटबोल्ट:

अडकवण्याबद्दल कोणीच बोलत नाहीये, आणि कथा तिथेच कच्ची पडते.

रायडर १,००० टन (हे वजनाचे टन), त्वरण अर्धा जी. प्रत्येक रायडरमागे ५०० टनांचं बल. चार पकडी असतील तर प्रत्येकीवर १२५ टन, आणि तेही चारींवर सारखं वाटलं गेलं तर. एक पकड दोन मिलिमीटर सैल राहिली की उरलेल्या तिघींवर भार. अपोलोच्या जोडणी-कड्याला १२ लॅच होते ते उगाच नाही. इंजिन पुढे आणि रायडर मागे केबलने ओढायचे, ही मांडणी हलकी पडते कारण ताणाला सांगाडा बारीक चालतो. पण मग इंजिनाचा झोत रायडरच्या अंगावर. इंजिनं तिरकी लावा, तेवढा रेटा वाया.

मी ढकलणारी मांडणीच घेईन. मधे ३,००० टनांचा टग, भोवती २० मीटर त्रिज्येच्या कड्यावर चार रायडर. एक रायडर लढाईत गेला, तिघे परत आले, आपापल्या जागी बसले. गुरुत्वमध्य किती सरकला? १,००० गुणिले २० भागिले ६,०००, म्हणजे ३.३ मीटर. इंजिन गुरुत्वमध्याच्या ६० मीटर मागे असेल तर रेटा सव्वातीन अंश तिरका धरावा लागेल. जिंबलची (इंजिन तिरकं वळवणाऱ्या बिजागरीची) मर्यादा तेवढी नसेल तर टग गोल गोल फिरत बसेल. उपाय सोपा आहे आणि तो नकाशा काढतानाच करायचा: कड्यावर चार ऐवजी दर ३० अंशांवर अशा १२ जागा. तिघे असतील तर १२० अंशांवर, दोघे असतील तर समोरासमोर. एकटाच परतला तर त्याला टगच्या नाकावर, अक्षावर बसवायचा.

किरणोत्सर्गाची ढाल हाही असाच विषय. वजन वाचवायला भट्टीच्या फक्त पुढच्या बाजूला ढाल ठेवतात, तिच्या सावलीत सगळ्यांनी राहायचं. भट्टी ८० मीटर मागे आणि रायडरची बाहेरची कड अक्षापासून ३० मीटरवर, तर सावलीचा अर्धकोन सुमारे २० अंश हवा. सुटलेला रायडर मागे रेंगाळला की सावलीबाहेर. म्हणून सुटायचं ते पुढच्या दिशेने, आणि टगची भट्टी तोवर मंद.

रायडरची स्वतःची भट्टी प्रवासात बंद. पर्यायच नाही, कारण चिकटलेल्या अवस्थेत त्याचे उष्णतापंख उघडता येत नाहीत. १,००० केल्विनला दोन्ही बाजूंनी उत्सर्जन करणारा पंख चौरस मीटरला सुमारे १०० किलोवॉट टाकतो. १०० मेगावॉट टाकायला १,००० चौरस मीटर पंख. ते चार रायडरनी एकमेकांच्या शेजारी उघडले तर एकमेकांनाच भाजतील. म्हणून वीज टगकडून तारेने, आणि सुटण्याचा क्रम असा: पकडी सैल करायच्या आधी रायडरच्या बॅटऱ्या भरून घ्या, सुटा, निदान काही शे मीटर लांब जा, पंख उघडा, मग भट्टी चालू. या मधल्या वेळात रायडर आंधळा नसला तरी निःशस्त्र असतो. शत्रूने नेमकं तेव्हा गाठावं, एवढं प्रकरण त्यावर लिहून होईल.

आणि जोडणी. इस्रोच्या स्पेडेक्स या जोडणी-चाचणीचे सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ ला जोडले गेले, त्याआधी अपेक्षेपेक्षा जास्त वाहवत गेल्यामुळे प्रयत्न पुढे ढकलावे लागले होते. टप्प्याटप्प्याने थांबत, शेवटी १५ मीटर, मग ३ मीटर, मग स्पर्श. ते उपग्रह शाबूत होते. लढाईतून आलेला, एक थ्रस्टर गेलेला, पकडीचं तोंड वितळलेलं, असा १,००० टनांचा रायडर किती वेळ घेईल याचा विचार करा.

गलबत:

खऱ्या समुद्रावर हे सगळं होऊन गेलंय.

सप्टेंबर १९४३, ब्रिटिशांची 'ऑपरेशन सोर्स' मोहीम. 'टिर्पिट्झ' वगैरे जर्मन युद्धनौका नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये लपलेल्या. सहा बुटक्या एक्स-क्राफ्ट पाणबुड्या, प्रत्येकीला एक मोठी पाणबुडी स्कॉटलंडहून दोरीने ओढत नेणार. ओढताना आत वेगळे लोक आणि लढताना वेगळे. प्रवासी तुकडीने दर सहा तासांनी वर येऊन हवा घ्यायची, गळती पुसायची, यंत्रं चालती ठेवायची. लढाऊ तुकडी तोवर मोठ्या पाणबुडीत झोपा काढणार. लक्ष्याजवळ अदलाबदल. विज्ञानकथांमध्ये ही दोन तुकड्यांची पद्धत क्वचितच दिसते. १० दिवस अंगठ्याएवढ्या जागेत कोंडलेला माणूस ११ व्या दिवशी नीट लढत नाही, आणि बंद पडलेलं यंत्र कोणी वाटेत बघितलं नाही तर ते लढाईतच बंद पडलेलं सापडतं.

आता हानी मोजा. दोर तुटून एक्स-९ प्रवासी तुकडीसकट गेली. एक्स-८ चे स्फोटक साठे गळायला लागले, ते टाकून द्यावे लागले, त्यातल्या स्फोटाने तीच निकामी झाली. सहापैकी दोन शत्रू दिसायच्या आधीच संपल्या. एक्स-१० यंत्रं बिघडल्याने हल्ला न करता माघारी फिरली, पुढे तिलाही बुडवावं लागलं. एक्स-६ आणि एक्स-७ यांनी टिर्पिट्झखाली साठे ठेवले आणि ती कित्येक महिने जायबंदी झाली. घरी परत आलेल्या बुटक्या पाणबुड्या शून्य. तरी सौदा ब्रिटिशांच्याच फायद्याचा. रायडर परत येणार हे गृहीत धरून मोहीम आखू नका, आले तर नफा समजा.

उलटा धडा 'फूद्र' या फ्रेंच जहाजाचा, १८९५ मध्ये पाण्यात उतरलेलं, छोट्या टॉर्पेडो बोटी उचलून नेणारं. उचलता येईल इतकी लहान बोट ठेवली की ती खवळलेल्या समुद्रात कुचकामी, आणि क्रेनने खाली सोडायलाही समुद्र शांत हवा. तोवर टॉर्पेडोवाली जहाजं मोठी होत गेली आणि स्वतःच लांब जाऊ लागली. म्हणजे पकडीचं माप हे रायडरच्या वाढीचं कुंपण असतं. शत्रूने पुढच्या पिढीची तोफ काढली आणि ती तुमच्या कड्यात मावत नसेल, तर टगही भंगारात.

जाता जाता घरचं उदाहरण. १८ व्या शतकातलं आंग्र्यांचं आरमार. गुराब १५० ते ३०० टनांची, नाळेवर म्हणजे पुढच्या टोकावर जड तोफा. गलबतं ७० टनांच्या आतली, वल्ह्यांची. वारा पडला की गलबतं वल्हवत गुराबांना ओढून न्यायची, तीही शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या कडेच्या तोफा लागत नाहीत. तिथून गुराबांच्या नाळेवरच्या तोफा आधी डोलकाठ्यांवर. म्हणजे टग छोटा आणि लढाऊ जहाज मोठं. अंतराळात अक्षभर लांबीची एकच तोफ असलेलं जहाज घ्या, वळायला मंद. त्याला चार चपळ टग लावा, ते त्याची दिशा धरतील. आंतरतारकीय प्रवासाशी याचा संबंध नाही, निव्वळ रणातली ओढाओढ, पण मला ही जास्त आवडते.

त्रिज्या:

गुराब-गलबताची मांडणी डोक्यातच नव्हती, वेगळा धागा काढायला हवा. पण सगळ्यांत मोठा आक्षेप राहिलाच. रायडर पळून जाऊ शकत नाही. टग मेला की सगळे मेले.

वेढा:

हा आक्षेप तपासून बघा, वाटतो तितका सरळ नाही. ४ पारसेक उडी मारून आलेलं स्वयंपूर्ण जहाजही पळू शकत नाही, त्याची टाकी रिकामी असते. पळण्यापुरती १ पारसेकची राखीव ठेवायची तर १० टक्के हवेत, आणि त्याच्याकडे तोफांनाच ८ आहेत. म्हणजे चिलखत तेवढंच ठेवून ते जमतच नाही. टगला जमतं. रायडरसकट पळायचं तर राखीव १०, रायडर ३३, तोफांना १७.५. रायडर सोडून एकट्या टगनेच पळायचं तर राखीव ६.३ पुरतं, रायडर ३६.७, तोफांना १९.४. हा दुसरा पर्याय कागदावर चांगला दिसतो, पण रायडरवरच्या लोकांना तो एकदा कळला की ते कसे लढतील ते तुम्हीच ठरवा.

राखीव नसेल तर टगला इंधन, म्हणजे हायड्रोजन, शोधायला गुरूसारख्या वायुग्रहाकडे जावं लागतं. गुरूचा व्यास १.४३ लाख किमी, १०० व्यास म्हणजे १.४३ कोटी किमी. १ जीच्या टगला आत जायला सव्वाएकवीस तास, बाहेर पडायला तेवढेच. ६ जीचा शत्रू तेच अंतर ८ तास ४० मिनिटांत कापतो. टग जिवंत पकडायची याहून चांगली जागा नाही. पृथ्वीएवढ्या ग्रहावर चाल असेल तर १०० व्यास म्हणजे १२.८ लाख किमी. रायडर २ तास ३५ मिनिटांत ग्रहापाशी, टग बाहेरच थांबतो, इंजिन उडीला तयार ठेवून. टगने कधीही शंभरच्या आत येऊ नये, रायडरने बाहेर यावं.

सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका हे वेगळं सांगायला नको. टग लहान आणि जास्त. पकडी रायडरपेक्षा जास्त. आणि सर्व टगच्या पकडी एका मापाच्या, नाहीतर अनाथ रायडरला दुसरा टग असूनही उपयोग नाही.

त्रिज्या:

मग अंतिम जुळणी अशी धरतो. तीन टग, प्रत्येकाचं रायडरसकट घनफळ १००. राखीव इंधन १०. रायडर प्रत्येकी ११ चे तीन, म्हणजे ३३. कड्यावर नटबोल्ट म्हणतात तशा १२ जागा, पण वीज-इंधनाच्या जोडण्या चार रायडरपुरत्या. एक टग गेला तरी उरलेले दोन टग आठ रायडर उचलतील. नऊपैकी एखादा तर जाईलच. प्रवासी तुकडी वेगळी, तिच्या खोल्या टगवर.

रिकामी_टाकी:

चार रायडर लावले की घनफळ १११ झालं. १ पारसेकला इंधन ११.१ हवं. तुमच्याकडे १०. ज्या दिवशी चौथी पकड वापरायची वेळ येईल त्याच दिवशी उडी बसणार नाही.

नटबोल्ट:

टाकी वाढवायची गरज नाही. रायडरच्या वीजसंचाचं इंधनही हायड्रोजनच आहे, ६ टक्के, चार आठवड्यांचं. चार रायडरचं मिळून २.६ भरतं. दोन-चार दिवसांच्या लढाईनंतर त्यातलं बहुतेक शिल्लक असतं, तुम्हाला हवंय १.१. फक्त इंधनाची नळी टगकडून रायडरकडे अशी एकतर्फी झडपेची ठेवू नका. दोन्हीकडे चालणारी झडप आणि पंप रायडरच्या बाजूला, कारण त्या वेळी टगची वीज उडीच्या इंजिनाकडे वळवलेली असेल.